सगळ्यांना कळवा

बेळगावात, वडगावला आमच्या गल्लीत हळदीकुंकवाला गेलं की बायका मला विचारायच्या, "विद्याक्का, तू हापिसात करतीस तरी काय गं?" आजूबाजूच्या घरांतून माग चालू असायचे. त्यांचं काम दिसायचं, ऐकू यायचं, संध्याकाळी घडी घालून ठेवता यायचं. माझं तसं काही नव्हतं. मी म्हणायचे, "चौकटीत टिक करते." त्या हसायच्या, मीही हसायचे. पण ते अगदीच खोटं नव्हतं.

टिळकवाडीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमची छोटी कंपनी होती. तक्रारींचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. घरी आई-अण्णा माग चालवायचे आणि मी तक्रारींचा माग ठेवायचे, असं अण्णा पाहुण्यांना सांगत. समजा, तुम्ही एखादं यंत्र विकत घेतलं आणि ते बिघडलं. तुम्ही विक्रेत्याला कळवता. विक्रेता ती तक्रार आमच्या सॉफ्टवेअरमध्ये घालतो. तिला नंबर पडतो. मग ती कुणाकडे गेली, त्यानं काय पाहिलं, काय शेरा मारला, कधी मिटवली, हे सगळं तिथं लिहिलं जातं. आणि दर वेळी कुणाला तरी ईमेल जातो.

कुणाला जातो, हेच माझं काम. विक्रेत्यानं सॉफ्टवेअर घेतलं की त्याच्यासमोर एक पान उघडतं. तक्रार आली तर कुणाला कळवायचं, शेरा लिहिला तर कुणाला, तक्रार मिटली तर कुणाला. प्रत्येकासमोर चौकट. त्याला पाहिजे तशी त्यानं टिक करावी. पण ते पान कुणी उघडतच नाही. बसमध्ये एक फोन वाजला की चारजण खिसे चाचपतात, कारण नव्या फोनची रिंग कुणी बदललेली नसते. आमचंही तसंच. आम्ही आधी टिक करून दिलेलं असतं तेच वर्षानुवर्षं चालतं. त्याला डिफॉल्ट म्हणतात. त्या टिका मी ठरवायचे. त्या वेळी मला त्याचा अभिमान होता, हे लिहून टाकते.

त्यात गमतीही झाल्या. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत सुरुवातीला आम्ही सगळंच सगळ्यांना जाईल असं ठेवलं होतं. तिथला खरेदी विभागाचा क्लार्क बहिणीच्या लग्नाला गेला आणि जाताना मेलवर आपोआप उत्तर जाईल असं करून गेला: 'मी रजेवर आहे.' आमच्या सॉफ्टवेअरला ते उत्तर शेरा वाटलं. त्यानं तो शेरा सगळ्यांना कळवला, त्यात त्या क्लार्कलाही. क्लार्कच्या मेलनं पुन्हा उत्तर दिलं, मी रजेवर आहे. कॉम्प्रेसरच्या गळतीची साधी तक्रार होती, सकाळी उघडली तर तिच्याखाली तो माणूस पानंच्या पानं रजेवर होता. मालकांचा फोन आला. आवाज शांत होता. "बाई, त्यो रजेवर हाय ते मला कळलं. आता थांबवा."

निपाणीचे एक तंबाखूवाले व्यापारी होते, त्यांचं उलटं. ते म्हणाले, "मेल-बिल काय नको. काय झालं तर माणूस धाडा." त्यांच्या सगळ्या टिका मी काढल्या. त्यांच्याकडे खरोखर माणूस जायचा आणि चहा पिऊन यायचा.

या दोघांच्या मधलं काहीतरी ठरवायचं होतं. एक दिवस आमचे संजय सर म्हणाले, "विद्या, शेऱ्याचं काय करायचं? इंजिनिअर आत काहीबाही लिहितात. ते ग्राहकाला दाखवायचं, का आतल्या आत ठेवायचं?"

मी आधी बरीच वर्षं तिथंच फोनवर बसले होते. लोक फोन करायचे ते दुरुस्तीसाठी कमी, आणि आमच्या तक्रारीचं काय झालं हे विचारायला जास्त. तक्रार केलेला माणूस अंधारात बसलेला असतो, हे मी रोज ऐकलेलं होतं. मी म्हणाले, "दाखवायचं. आत काय चाललंय ते त्याला कळायला पाहिजे. कुणाला लपवायचंच असेल तर त्यानं 'फक्त आतल्यांसाठी' अशी टिक करावी."

"आणि टिक केली नाही तर?"

"तर सगळ्यांना कळवा."

सरांनी मान्य केलं. मग दुसरा प्रश्न आला, मेल कुणाच्या नावानं जावा. कंपनीच्या नावाचे मेल लोक उघडत नव्हते. सर म्हणाले, माणसाचं नाव घालू, तुझंच घाल. मजकूरही मीच लिहिला. वर 'नमस्कार, आपल्या तक्रारीबाबत पुढील माहिती आली आहे.' मध्ये जो कुणी जो शेरा लिहील तो. खाली 'आपल्या तक्रारीकडे आमचं लक्ष आहे. आपली, विद्या.' माझं नाव अथणी, रायबाग, चिकोडीपर्यंत जातंय याचं मला बरं वाटलं होतं.

चिकोडीचा एक वितरक आमचं सॉफ्टवेअर वापरायचा. तो दूध तपासायची यंत्रं विकायचा, गावोगावच्या दूध संस्थांना. सदलग्याजवळच्या अशा एका संस्थेचे सेक्रेटरी होते भूपाल आप्पा. ते ग्राहक त्या वितरकाचे. आमचा त्यांच्याशी थेट संबंध नव्हता. पण मेलच्या तळाला आमच्या ऑफिसचा नंबर होता, आणि एक दिवस त्यांचा फोन आला.

"विद्याबाई हाईत काय? मी भूपाल आप्पा बोलतोय. तुमचं पत्र आलं."

मी विचारलं, "काही अडचण आहे का?"

"न्हाय न्हाय. पत्र आलं, पोचलं, म्हणून सांगावं म्हटलं."

त्यानंतर प्रत्येक मेलला त्यांचा फोन यायचा. तक्रार नोंदली गेली, की फोन. इंजिनिअर उद्या येणार, की फोन. "बाई, पत्र पोचलं. जेवलासा काय?" आमच्या ऑफिसात सगळे हसायचे. मीही कधीकधी फोन कानाला धरून दुसरं काम करत बसायचे. तो मेल आपोआप जातो, मी लिहीत नाही, हे एकदा सांगायला पाहिजे होतं. पण त्यांच्या बोलण्यात इतका विश्वास असायचा की सांगायला तोंड उघडायचं नाही. खरं म्हणजे मला ते आवडतही होतं. दिवसभर ज्यांच्याशी बोलायचं ते सगळे चिडलेले, आणि हा एक माणूस पत्र पोचल्याचं कळवायला फोन करायचा.

त्यांची तक्रार अशी होती की यंत्र दुधाचं फॅट कमी दाखवतंय. दुधाचा दर फॅटवर ठरतो, म्हणून सभासद रोज त्यांच्याशी भांडत होते. आप्पा वितरकाला पुन्हा पुन्हा कळवत होते. वितरकाचा इंजिनिअर बाळेश दोनदा जाऊन यंत्र बघून आला. आप्पांनी पुन्हा तक्रार केली.

मग त्यांचा फोन यायचा बंद झाला. सुरुवातीला माझ्या लक्षातही आलं नाही. एक दिवस कुणीतरी गमतीनं म्हणालं, "विद्याक्का, तुझे आप्पा रुसले काय गं?" म्हणून मी सहज त्यांची तक्रार उघडली. शेवटचा शेरा बाळेशचा होता.

'यंत्र बरोबर आहे. सेक्रेटरीच दुधात गडबड करत असणार. पुन्हा भेट देण्यात अर्थ नाही.'

खाली आतल्यांसाठीची चौकट रिकामी. मी मेल कुणाकुणाला गेला ते पाहिलं. आप्पांना गेला होता, संस्थेच्या चेअरमनना गेला होता, संचालक मंडळातल्या प्रत्येकाला गेला होता. वितरकानं संस्थेची नोंद करताना सगळ्यांचे पत्ते भरले होते, आणि भरलेल्या सगळ्या पत्त्यांवर मेल जावा, हीही माझीच टिक. मी तो मेल उघडून वाचला. नमस्कार, आपल्या तक्रारीबाबत पुढील माहिती आली आहे. मध्ये ती तीन वाक्यं. खाली, आपल्या तक्रारीकडे आमचं लक्ष आहे. आपली, विद्या.

शेजारी कुणी बघतंय का म्हणून मी मान वर केली. कुणी बघत नव्हतं.

आप्पांना फोन लावला. त्यांच्या बायकोनं, आक्कांनी उचलला. मी नाव सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "त्ये बोलत न्हाईत कुणासंगं." मी विचारलं, काय झालं. त्यांनी राग न करता सांगितलं. संध्याकाळी दूध घालायला माणसं कॅन घेऊन उभी होती. एका संचालकानं फोनवर आलेलं पत्र मोठ्यानं वाचलं. बेळगावच्या विद्याबाईंचं पत्र हाय, म्हणून वाचलं. आप्पांनी त्या वेळचं सगळं दूध मोजून घेतलं, यंत्र पुसलं, दाराला कुलूप लावलं, चावी चेअरमनच्या हातात दिली आणि घरी आले. तेव्हापासून ते संस्थेकडे फिरकले नव्हते.

मी बाळेशला फोन केला. मनात होतं ते असं, की हे त्याच्यावर ढकलता येतं का बघू.

तो घाबरला होता. "म्याडम, ते आमच्यातल्या आमच्यात ऱ्हातंय म्हणून मी लिवलं. त्या चौकटीत टिक करायची असती हे मला कुणी सांगितलंच न्हाय. मी चिडून लिवलं हुतं. लई लांबनं फेऱ्या मारून कटाळा आलता."

त्यानं लिहिलं ते वाईटच होतं. पण चिडून लिहिलेली ओळ त्याच्या ऑफिसात राहिली असती आणि विरून गेली असती. ती गावभर पोचवायची सोय मी करून ठेवली होती, आणि वर माझं नाव घातलं होतं.

संजय सरांना सांगितलं. त्यांनाही वाईट वाटलं, पण ते म्हणाले, "सॉफ्टवेअर चुकलं नाही, विद्या. ठरवलं होतं तसंच चाललं." ते बरोबर होतं. आमच्या धंद्यात चूक म्हणजे ठरवलं एक आणि घडलं दुसरं. इथं ठरवलेलंच घडलं होतं. ही तक्रार आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये नोंदवायला मी बसले, तर 'प्रकार' या रकान्यात निवडायला शब्द सापडेना. बिघाड नाही, सूचना नाही, शंका नाही.

त्याच दुपारी आम्ही टिका बदलल्या. शेरा आता कुणी मुद्दाम ठरवल्याशिवाय बाहेर जाणार नव्हता. हे मीच सुचवलं. आमच्यातली भारती नव्यानंच कामाला लागली होती. पडद्याकडे बघत तिनं विचारलं, "मग आता ग्राहकाला काय दिसेल?"

"तक्रार घेतली आहे. आणि नंतर, तक्रार मिटली आहे."

"मधलं?"

"मधलं काही नाही."

ज्या गोष्टीसाठी मी भांडले होते ती मी स्वतःच्या हातानं काढून टाकत होते. लोकांना पुन्हा अंधारात बसवत होते, आणि त्याला सुरक्षित म्हणत होते. मेलवरचं माझं नावही काढलं. माझी जागा कंपनीच्या नावानं घेतली.

मग मी रजा टाकून आप्पांच्या गावी गेले. चिकोडीला बस बदलली. बाळेशही येतो म्हणाला, तो त्याच्या गाडीवरून दुसरं यंत्र घेऊन आधीच पोचला होता. आप्पांचं घर रस्त्याला लागूनच, पुढं पत्र्याची पडवी. त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होते. आवाजावरून मोठ्या अंगाचे वाटले होते. प्रत्यक्षात बारीक होते, धुतलेला सदरा, कपाळावर गंध. मी नाव सांगितलं. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "या की बाई. लांबनं आलासा." मला चोरासारखं वाटलं.

पाणी झालं, चहा आला. मी सगळं सांगितलं. मेल मी लिहीत नाही, यंत्र पाठवतं. माझं नाव नुसतं खाली छापलेलं असतं. तो शेरा बाळेशचा, तो आतल्या आत राहायला पाहिजे होता, माझ्या ठरवण्यामुळं बाहेर आला. मी कधीच तुमच्याबद्दल असं लिहिलं नसतं. हे मी भरभर बोलत होते. बाळेश पडवीच्या खांबाला टेकून खाली बघत होता.

आप्पांनी मधे एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी हळू आवाजात विचारलं, "म्हंजे हे पत्र तुमी लिवलंलं न्हवं?"

"नाही आप्पा."

त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मला वाटलं, सुटले. मग ते म्हणाले, "मग आदीची?"

मला कळलं नाही. "आधीची काय?"

"आदीची पत्रं. लक्ष हाय म्हणून लिवत हुतासा ती. तीबी यंत्रच लिवत हुतं?"

आक्का दारात उभ्या होत्या. त्याही माझ्याकडे बघत होत्या. मी काय सांगणार होते? शेवटचं पत्र माझं नाही म्हणायचं, तर आधीचं एकही माझं नव्हतं. लक्ष आहे हे वाक्य मी एकदाच लिहिलं होतं, सगळ्यांसाठी, आप्पा नावाचा कुणी माणूस आहे हे माहीत नसताना.

"व्हय आप्पा," मी म्हणाले. "तीपण."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. ते ओशाळले. आपणच काहीतरी चुकीचं केलं होतं, अशा सुरात म्हणाले, "आनि मी खुळ्यागत फोन करत बसलो. तुमच्या कामाचा खोळंबा झाला आसंल." तेव्हा मला जी लाज वाटली ती आतापर्यंत कुणाला नीट सांगता आलेली नाही. बदनामी झाली होती त्यांची, आणि ओशाळं होऊन माफी मागत होते तेच.

"खोळंबा नाही झाला," मी म्हणाले. "फोन मीच घेत होते, आप्पा. ते यंत्र नव्हतं."

त्यांनी माझी कपबशी उचलून आक्कांकडे दिली.

संध्याकाळी संस्थेच्या शेडमध्ये चेअरमननी संचालकांना बोलावलं. दूध घालायला आलेली माणसंही थांबली. बाळेशनं सगळ्यांसमोर माणसांच्या कॅनमधून दूध घेऊन ते जुन्या आणि आणलेल्या, दोन्ही यंत्रांवर तपासलं. आकडा तोच आला, कमीच. जुनं यंत्र बरोबर होतं, आणि दुधातही कुणी काही केलेलं नव्हतं. जनावरांना ओली वैरण चालू झाली होती, दूध पातळ झालं होतं, एवढंच. आप्पांची तक्रार चुकीची होती, पण ती त्यांनी सभासदांची बाजू घेऊनच केली होती. बाळेशनं हात जोडून सांगितलं की मी दुधाची खात्री न करता, चिडून लिहिलं. मी सांगितलं की ते तुमच्यापर्यंत पोचलं ती व्यवस्था माझी. एक म्हातारी बाई कॅनवर हात ठेवून ऐकत होती. ती मला म्हणाली, "मग तुमी लिवायच्या आदी हितं येऊन का बघितलं न्हाय?" तिला मेल म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तरी प्रश्न बरोबर होता.

चेअरमननी चावी पुढं केली. "आप्पा, झालं गेलं. उद्यापास्नं या."

आप्पांनी चावीला हात लावला नाही. "नको."

"आता तर सगळं क्लिअर झालंय की."

"यंत्राचं झालं. बाईंचंबी झालं." ते शांतपणे बोलत होते. "त्या दिवशी पत्र वाचलं तवा हितं निम्मं गाव हुबं हुतं. ह्येच सगळे. एकानं म्हटलं न्हाय, आप्पा असं करणार न्हाईत. ते पत्र कुणी का लिवलं असंना."

चेअरमननी चावी परत खिशात घातली. आप्पा पुन्हा त्या शेडमध्ये गेले नाहीत. सेक्रेटरीच्या जागी दुसरा माणूस आला, असं नंतर बाळेशकडून कळलं.

त्या संध्याकाळी मी निघाले तेव्हा आप्पा मला बसपर्यंत सोडायला आले. मी नको म्हणत होते. वाटेत दोघेतिघे भेटले, त्यांना ते थांबून सांगत होते, "बेळगावच्या बाई. माझ्यासाठी आलत्या." मी त्यांच्या बाजूला खाली मान घालून उभी राहायचे. बस आली. मला चढवून त्यांनी कंडक्टरला कन्नडमध्ये बजावलं, बाईंना चिकोडीला बेळगावच्या गाडीत नीट बसवून द्या. मग खिडकीशी येऊन म्हणाले, "सावकाश जावा." बस हलली तरी ते तिथंच उभे होते.

कंडक्टर माझ्याकडे आला. मी आधार कार्ड दिलं, त्यानं कर्नाटकातल्या बायकांना मिळतं ते फुकटचं तिकीट दिलं. कार्डावरचा बेळगावचा पत्ता वाचून त्यानं मागं रस्त्याकडे पाहिलं.

"आप्पा कोण लागतात तुमचे?"

तो अजून हात पुढे करून कार्ड धरून उभा होता. मामा, काका, काहीही सांगितलं असतं तरी त्यानं ऐकून घेतलं असतं.

"कुणी नाही," मी म्हणाले, आणि कार्ड घेतलं.